‘साथी गट’ सुरू करताय? आधी ती यादी फाडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयातल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना वीस विद्यार्थ्यांचा ‘पीअर कौन्सेलर’ गट बांधायचा आहे. प्राचार्यांनी तीन अटी घातल्या आहेत. गटाने दर महिन्याला ‘डिप्रेस्ड’ मुलामुलींची नावं ऑफिसात द्यायची. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांकडून हॉस्टेलसाठी पालकांचं हमीपत्र आणि मानसोपचारतज्ज्ञाचा फिटनेस दाखला घ्यायचा. आणि समुपदेशकाचा पगार परवडत नाही, तेव्हा सध्या या गटावरच भागवायचं. यातलं किती चालेल?

गट जरूर करा. तिन्ही अटी मात्र गैर आहेत, आणि पहिली तर गटाच्याच मुळावर येणारी आहे. ऑफिसात एक नाव पोचलं की ते चहाच्या टपरीवर कळायला संध्याकाळसुद्धा लागत नाही. त्यानंतर त्या गटाकडे कोणी फिरकत नाही. ज्याला खरंच गरज आहे तो तर नाहीच नाही.

तिसरी अट आधी निकालात काढू, कारण तिथे वादाला जागाच उरलेली नाही. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. योग्य कायदा किंवा नियम होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवाच. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे, तातडीच्या प्रसंगी कुठे पाठवायचं याची लेखी कार्यपद्धती ठेवायची आहे आणि टेलि-मानससारख्या हेल्पलाइनचे क्रमांक हॉस्टेलमध्ये व वर्गांत ठळक लावायचे आहेत. पूर्णवेळ नेमणूक जमत नसेल तर आठवड्याचे ठरावीक दिवस येणाऱ्या व्यक्तीशी करार करा, शेजारच्या महाविद्यालयाबरोबर खर्च वाटून घ्या. पण तिच्या जागी एकोणीस वर्षांची मुलं उभी करू नका. समुपदेशक नसलेला साथी गट म्हणजे मुलांच्या अंगावर टाकलेली जोखीम आहे. समोरच्याचं ऐकून घेतल्यावर पुढे कुठे न्यायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून ‘कौन्सेलर’ ही पाटीही लावू नका. ‘साथी’ म्हणा, ‘सोबत’ म्हणा. पाटीमुळे साथीला उपाय सांगायची खुमखुमी येते आणि समोरच्याची अपेक्षाही वाढते. साथी निदान करत नाही, गोळ्यांबद्दल बोलत नाही, दोघांच्या भांडणात मध्यस्थी करत नाही. त्याच्याजवळ देण्यासारख्या दोनच गोष्टी असतात: बरोबरीच्या नात्याने ऐकणं आणि पुढची वाट माहीत असणं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांनी आजारातून गेलेल्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे स्वमदत गट वर्षानुवर्षं चालवले, ते याच बरोबरीच्या बळावर. तिथे कोणी कोणाचा साहेब नसतो. महाविद्यालयात हीच बरोबरी टिकवणं सगळ्यात अवघड जातं, कारण गटाला बॅज, ब्लेझर आणि व्यासपीठावरची खुर्ची द्यायचा मोह संस्थेला आवरत नाही.

ऐकणं म्हणजे नेमकं काय, ते एका प्रसंगातून पाहा. थर्ड इयरचा मुलगा म्हणतो, ‘सबमिशन राहिलंय, केटी लागणार. घरी काय सांगू? सगळं नकोसं झालंय.’ प्रशिक्षण नसलेला साथी पटकन बोलून जातो, ‘टेन्शन नको घेऊ रे, माझ्या पण दोन केटी होत्या, होतं सगळं नीट.’ हेतू चांगलाच असतो, पण मुलगा ‘हो, बरोबर आहे’ म्हणतो आणि उठून जातो. शिकलेला साथी विचारतो, ‘नकोसं झालंय म्हणजे काय होतंय नेमकं?’ आणि गप्प बसतो. दहा-पंधरा सेकंदांची ती शांतता सरावात सगळ्यांत जास्त टोचते. निम्मं प्रशिक्षण तिच्यावरच खर्च करा. नंतर कधी तरी मुलगा म्हणतो, ‘झोपावं आणि उठूच नये असं वाटतं.’ इथे आडून विचारायचं नाही. ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असा विचार येतो का?’ हे सरळ विचारायचं. थेट विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती खोटी आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. स्वतःचा अनुभव सांगायचा झाला तर दोन वाक्यांत, आणि लगेच परत त्याच्या गोष्टीकडे यायचं. आपण घेतलेल्या गोळीचं नाव आणि डोस सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो मेडिकलमधून तीच मागतो.

आता यादीबद्दल. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अपवाद मोजके आहेत: उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला सांगणं, नामनिर्देशित प्रतिनिधीला सांगणं, जिवाला असलेला धोका टाळणं, दुसऱ्या कोणाला इजा होऊ न देणं, न्यायालयाचा किंवा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता. ‘प्राचार्यांना माहीत असावं’ हा अपवाद त्यात नाही. इथे एक बारीक मेख आहे. या कलमाचं बंधन उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर आहे. तुमचा साथी त्यात मोडत नाही. म्हणजे त्याच्याजवळ बोललेलं जपण्यासाठी तुमच्या महाविद्यालयाला स्वतःचा लेखी नियम करावा लागेल. महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत तो ठराव म्हणून मंजूर करून घ्या. नाहीतर नवे प्राचार्य आले की तोंडी आश्वासन गेलंच म्हणून समजा.

नियमात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. साथीने ऐकलेलं फक्त देखरेख करणाऱ्या समुपदेशकाजवळ जाईल आणि तेही शक्यतो नाव न घेता. जिवाला धोका असेल तरच नाव जाईल, आणि ते जातंय हे त्या विद्यार्थ्याला आधी सांगितलं जाईल. प्रत्येक संभाषणाच्या सुरुवातीला साथीने हे आपल्या शब्दांत सांगायचं: ‘आपलं बोलणं मी कोणाला सांगत नाही. गटाच्या ताईंशी मी माझ्या कामाबद्दल बोलते, पण तुझं नाव घेत नाही. फक्त तुझ्या किंवा कोणाच्या जिवावर बेतणार असेल तर मला एकटीला ते ठेवता येणार नाही, आणि तेव्हा तुला सांगूनच मी मदत बोलवेन.’ अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हे ऐकून एखादा बोलायचाच थांबला, तर तोही त्याचा हक्क.

नोंदवहीत एका भेटीची एक ओळ: सांकेतिक क्रमांक, तारीख, विषयाचं ढोबळ शीर्षक (अभ्यास, घर, पैसे, नातं, छळ), मिनिटं आणि पुढे कुठे पाठवलं. नाव, रोल नंबर, शाखा काही नाही. वही समुपदेशकाच्या कुलुपात ठेवायची. सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक अहवाल मागितला आहे तोही नावं काढलेल्या नोंदींचाच. तेव्हा प्राचार्यांना महिन्याचं एक पान जरूर द्या. त्यावर किती भेटी झाल्या आणि कोणत्या विषयांवर झाल्या एवढंच असेल. व्हॉट्सअॅपवर कोणाबद्दलही एक अक्षर नको, नाव गाळूनही नको. ‘थर्ड इयर कॉम्पची, सांगलीकडची’ एवढं लिहिलं तरी साठ जणांच्या वर्गात ती कोण हे कळायला दुसरी खूण लागत नाही.

यादीचीच एक सुधारित आवृत्ती हल्ली दिसते: सगळ्या वर्गाला गूगल फॉर्मवर पाठवलेली, उदासीनतेची लक्षणं मोजणारी पीएचक्यू-९ प्रश्नावली, ईमेल आयडीसकट. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एखादी मुलगी रात्री अकरा वाजता तिथे ‘जवळपास रोज’ वर टिक करते आणि तिचं उत्तर पुढच्या बुधवारी प्राध्यापक एक्सेलमध्ये उघडतात. त्याच दिवशी प्रतिसाद देण्याची व्यवस्था नसेल तर तो प्रश्न विचारूच नका. आणि ते गुण म्हणजे निदानही नाही.

आता सगळ्यात कठीण प्रसंग. हॉस्टेलमध्ये रात्री दीड वाजता रूम पार्टनर साथीला उठवतो: ‘हा काहीतरी करून घेईन म्हणतोय.’ साथीने काय करायचं ते आधीच छापून खोलीच्या दारामागे लावलेलं असावं. त्याला एकटं सोडायचं नाही, पण कोंडायचंही नाही. दार उघडं, दोघं शेजारी. इजा होऊ शकेल अशा वस्तू शांतपणे दूर करायच्या, आणि करतोय हे बोलून करायच्या. गर्दी हटवायची, मजल्यावरची वीस मुलं मोबाइल घेऊन जमली की परिस्थिती बिघडतेच. दुसऱ्या साथीने समुपदेशकाला किंवा त्या रात्रीच्या जबाबदार शिक्षकाला फोन करायचा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. स्पीकरवर लावून मुलाला स्वतः बोलू द्यायचं. इजा झाली असेल किंवा काही घेतलं असेल तर थेट १०८. घेतलेल्या गोष्टीचं पाकीट किंवा बाटली सोबत न्यायची आणि घरगुती उपाय म्हणून उलटी काढायला लावायची नाही.

इथे हॉस्टेलचा रेक्टर नेहमी एका गोष्टीला घाबरतो, पोलिसांना. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं असतं. भारतीय दंड विधानातल्या ३०९ खाली तिच्यावर खटला चालवायचा नाही असं ते कलम सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ते ३०९ राहिलंच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं कलम २२६ आहे. दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या ‘मेडिको-लीगल केस’ची, नोंद होऊ शकते, पण तेवढ्याने मुलगा आरोपी होत नाही. ‘नाव खराब होईल’ म्हणून त्याला आपल्या गाडीत घालून ओळखीच्या छोट्या दवाखान्यात नेण्यात तास जातात. त्या तासांनी जीव गेल्याची उदाहरणं या क्षेत्रात कोणालाही नवी नाहीत.

घरच्यांना कळवायचं का? अठरा वर्षं पूर्ण झालेल्याच्या बाबतीत आधी त्यालाच विचारा: ‘घरातल्या कोणाला सांगितलं तर तुला धीर येईल?’ उत्तर वडील असेलच असं नाही. मावशी असेल, चुलत भाऊ असेल. आंतरजातीय प्रेम, लैंगिक ओळख किंवा घरातली मारहाण हेच कारण असेल आणि तुम्ही नेमकं तिथेच फोन लावलात, तर काय होईल याचा विचार करा. जिवाला धोका असताना त्याने निवडलेल्या एका माणसाला, गरजेपुरतंच आणि त्याला सांगून कळवायचं.

हे सगळं शांत दिवसात आधीच ठरवून ठेवता येतं आणि ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. कलम १४ खाली कोणीही सज्ञान व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या वेळी आपल्या बाजूने बोलणारा माणूस, नेमू शकते. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही की नोटरी. साध्या कागदावर लिहायचं: ‘मी, अमुक, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १४ नुसार माझी मावशी अमुक यांना माझी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे’, खाली तारीख आणि सही किंवा अंगठा. प्रतिनिधी अठरा वर्षांवरचा हवा आणि जबाबदारी घ्यायला त्याची लेखी संमती हवी. नेमणूक कधीही बदलता येते. हा कागद असला की तातडीच्या वेळी डॉक्टर कोणाशी बोलतील हे ठरलेलं असतं. कलम ९४ खालचे आणीबाणीचे उपचार जास्तीत जास्त ७२ तासांचे असतात आणि त्यालाही प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती लागते. मित्रालाही नेमता येतं, पण गटात काम करणाऱ्या साथीला नको. एकाच माणसाने ऐकायचंही आणि दाखल करण्याच्या कागदावर सहीही करायची, हे त्याला झेपत नाही.

हमीपत्राचा मुद्दा यालाच लागून आहे. ‘माझ्या पाल्याने काही केल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही’ या वाक्याने संस्थेची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही, फक्त कागद वाढतो. फिटनेस दाखल्याची अट त्याहून वाईट. मूल टायफॉइडमधून उठून आलं तर हॉस्टेलची खोली त्याची असते; उदासीनतेवर उपचार घेऊन आलं तर त्याने लायकी सिद्ध करायची. मानसिक आजार असलेल्यांना शारीरिक आजाराच्या रुग्णांच्या बरोबरीने वागवा असं मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचं कलम २१ आरोग्यसेवेच्या बाबतीत म्हणतं, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या एकवीस प्रकारांत मानसिक आजारही आहे. व्यवहारात या अटीमुळे घडतं ते एवढंच की, मुलं आजार लपवतात, ओपीडीत जायचं बंद करतात आणि गोळ्या मध्येच सोडतात. ज्याला ओळखायचं म्हणून दाखला मागितला, तोच नजरेआड जातो.

दाखल्याऐवजी सोय विचारा: ‘परत आल्यावर तुला काय लागेल?’ उत्तरं साधी असतात. सकाळी गोळीची गुंगी असते म्हणून आठच्या प्रॅक्टिकलची बॅच बदलून हवी. ओपीडीचा दिवस हजेरीत धरावा. व्हायवा चार जणांसमोर न घेता एकट्याचा घ्यावा. राहिलेल्या सबमिशनला तीन आठवडे मिळावेत. खोली त्याच मित्राबरोबर असावी. कायद्याच्या भाषेत याला वाजवी सुविधा म्हणतात, आणि तिच्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही. उच्च शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण हवं असेल तर ते लागतं. कारकून या दोन गोष्टी हमखास एक करून टाकतात, म्हणून परिपत्रकात वेगळ्या लिहा.

कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात असेल तर नियम वेगळे. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली असतात. त्यांना साथी म्हणून घेऊ नका. त्यांच्यापैकी कोणी लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं तर पोक्सोच्या कलम १९ खाली कळवणं सक्तीचं आहे. साथीने ते स्वतःकडे ठेवायचं नाही, त्याच दिवशी समुपदेशकाकडे न्यायचं. आणि ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन आधी द्यायचं नाही.

निवड करताना टॉपर, सीआर आणि भाषणबाज मुलं टाळा. निवडणूकही नको. दुसऱ्या वर्षापासूनची, वर्गात मुलं आपणहून ज्यांच्याजवळ जाऊन बसतात अशी मुलं शोधा. स्वतः उपचार घेतलेली असतील आणि सध्या सावरलेली असतील तर उत्तमच. वीसातले सगळे शहरातले, इंग्रजी माध्यमातले आणि एकाच जातवर्गातले असतील तर मागासवर्गीय वसतिगृहातली मुलगी येणार नाही. रोज एसटीने येणाऱ्यांसाठी वेळही बघा. चार ते सहा ठेवलीत तर साडेचारची गाडी पकडणारे कायमचे बाहेर राहतात. मधल्या सुट्टीतला एक तास धरा. खोली प्राचार्यांच्या दालनाजवळ नको; ग्रंथालयाच्या बाजूची बरी, आत कोण शिरलं याकडे तिथे कोणाचं लक्ष जात नाही.

प्रशिक्षण तीस ते छत्तीस तासांचं, शनिवार-रविवार विभागून. दर आठ-दहा साथींमागे एक देखरेख करणारी व्यक्ती, आठवड्याला दीड तासाची बैठक, चुकवली तर त्या आठवड्यात काम बंद. एका साथीकडे आठवड्याला तीन तासांहून जास्त नाही, एका वेळी तिघांहून जास्त नाही. स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही. परीक्षेच्या दोन आठवडे आधी पाळ्या निम्म्या करा, आणि ‘मला आत्ता झेपत नाही’ म्हणून बाजूला होणाऱ्याला कारण विचारू नका. प्रेमात पडणं हे गट बिघडण्याचं सर्रास दिसणारं कारण आहे. नियम सोपा ठेवा: ओढ वाटू लागली की त्या व्यक्तीला दुसऱ्या साथीकडे सोपवायचं.

मघाच्या त्या महिन्याच्या पानाचा उपयोग इथे होतो. सलग दोन महिने ‘पैसे’ हे शीर्षक वर दिसलं, तर महाडीबीटीवर शिष्यवृत्ती अडकलीय आणि ऑफिस फीसाठी परीक्षेचा फॉर्म अडवतंय हे निघेल. त्यावर प्राणायामाची कार्यशाळा हा उपाय होत नाही. ‘छळ’ वर दिसलं तर अंतर्गत तक्रार समिती, रॅगिंग प्रतिबंध समिती, एससी-एसटी कक्ष यांची दारं साथींना पाठ असायला हवीत; जातीवरून टोमणे खाणाऱ्या मुलीला ‘मन घट्ट कर’ सांगणं म्हणजे टोमणे मारणाऱ्याची बाजू घेणं. २०१९ मध्ये राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, म्हणजे जीव दिलेल्या रोहित वेमुला आणि पायल तडवी या विद्यार्थ्यांच्या आया, सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या कॅम्पसमधल्या जातिभेदाविरुद्ध. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. मुलांच्या मनावरचा भार कुठून येतो, हा प्रश्न आता फक्त समुपदेशकाच्या खोलीत बंद ठेवता येणार नाही. गटाच्या दोन प्रतिनिधींना दर सत्रात एकदा प्राचार्यांसमोर हे पान घेऊन बसण्याचा हक्क ठरावातच लिहून घ्या, आणि त्यावर काय केलं याचं लेखी उत्तर महिन्याच्या आत मिळेल असंही.

पहिल्या सत्रात पाच-सहा जणच आले तर अस्वस्थ होऊ नका, आणि संख्या वाढवायला साथींना टार्गेट तर मुळीच देऊ नका. सुरुवातीला मुलं किरकोळ गोष्ट सांगून पाहतात: मेसचं जेवण, रूम पार्टनरचं घोरणं. ती गोष्ट बाहेर फुटते का याकडे त्यांचं लक्ष असतं. फुटली नाही, तर दिवाळीनंतर ती परत येतात.